वायसर

आमच्या गल्लीतल्या एका शाळकरी पोराचा बरेच दिवस समज होता की आमच्या मांजरीचं नाव ‘व्हाइसरॉय’ आहे. इतिहासाचा तसला काहीतरी धडा नुकताच झाला होता, आणि ही बया जिन्याच्या कठड्यावर बसून खालून जाणाऱ्या रयतेकडं ज्या नजरेनं बघते ती पाहता पोराला चूक म्हणवत नाही. खरं नाव वायसर. नटाखाली घालतात ना, तो वायसर. नाव आण्णांनी ठेवलं.

आण्णा म्हणजे माझे वडील. त्यांची चाळीस वर्षं उद्यमनगरात ऑइल इंजिनांच्या कामात गेली. कोल्हापूर म्हटलं की लोकांना अंबाबाई, रंकाळा, तालीम आणि तांबडा-पांढरा आठवतो. पण या गावाचा मोठा काळ लेथच्या आवाजात आणि भट्टीच्या वासात गेलाय, शेतकऱ्याच्या विहिरीवर धडधडणारी इंजिनं इथं जुळायची, हे शिवाजी उद्यमनगरातून पायी गेल्याशिवाय कळत नाही. आण्णा टेस्टिंगला होते. जोडून आलेलं इंजिन पेटवायचं, त्याला लोड द्यायचा आणि ऐकायचं. कुठं टॅपेट वाजतंय, कुठं मिस मारतंय, हे ते खोलीबाहेर उभे राहून सांगत. कानात कापसाचा बोळा घालायचे, तोही साहेब फेरीला येणार असेल तेव्हा. व्हायचं ते झालं. ज्या कानांवर पोट भरलं तेच कान कामावर खर्च झाले. आता डाव्या कानाला काही नाही, उजव्याला ओरडून सांगितलेलं निम्मं. कानाचं यंत्र आणलंय. ते कपाटात डबीत असतं. ‘त्यात समदं पत्र्यावानी ऐकू येतंय,’ म्हणतात. आयुष्यभर पत्रा ऐकलेला माणूस म्हणतोय म्हटल्यावर वाद संपला.

वायसर आमच्याकडं आली ती पुरातून. शुक्रवार पेठेत नदीच्या अंगाला आमचं जुनं दुमजली घर. २०१९ ला पाणी आलं तेव्हा जाणती माणसं म्हणाली की असा पूर आता आपल्या हयातीत नाही. दोनच वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, पंचगंगेनं त्यांना हयातीतच खोटं पाडलं. दोन्ही वेळा राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या पुढं गेलं. पाणी उतरल्यावर खालच्या खोलीतला गाळ फावड्यानं ओढत असताना माळ्यावरून आवाज आला. आवाज म्हणजे काय, बिजागरी कुरकुरावी तसं काहीतरी. मी शिडी लावली. माळ्यावर आण्णांचा जुना पत्र्याचा डबा होता, नट-वायसरांनी अर्धा भरलेला, आणि त्यात महिन्याभराचं पिल्लू अंगाचं गोल वेटोळं करून पडलेलं, मधे बोट जाईल एवढं भोक. आण्णांनी वाकून बघितलं. ‘वायसर,’ म्हणाले. मला वाटलं डब्यात काय आहे ते सांगताहेत.

‘ठेवायचं न्हाई हां. दोन दिस खायला घालून सोडून द्यायचं,’ हेही लगेच बजावलं. त्याला आता काही वर्षं झाली.

शेजारच्या काकूंनी लांबूनच सांगितलं की ही मादी. अंगावर पांढरा, काळा आणि तांबूस असे तीन रंग होते. ‘तीनरंगी बोका कधी बघितलायस का?’ मी बघितला नव्हता, आणि कुणी क्वचितच बघतं. तांबूस रंगाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. काळा आणि तांबूस दोन्ही एका अंगावर उमटायचे तर दोन एक्स लागतात, म्हणजे मादी. काकूंना गुणसूत्र ठाऊक नाही, पण त्यांचा हिशेब बरोबर. तर नाव पुल्लिंगी आणि मांजर स्त्रीलिंगी. ते आमच्या गावात खपून जातं. इथं बायकाही ‘मी आलो’, ‘मी जेवलो’ म्हणतात. लिहिताना मी ‘गेले’ लिहिते, घरात मात्र ‘गेलो’च.

आता हिच्या मागण्या. एका वाक्यात सांगायचं तर घर आम्ही चालवतो आणि वेळापत्रक ती.

पहाटे साडेचारला पहिली हाक. उशाशी बसून एक साधं, सभ्य म्यांव. मी हलले नाही की दुसरं, जरा ओढलेलं. तिसऱ्याला शेवटी हेल असतो, भाजीवालीचा असतो तसा. चौथ्याला ती बोलत नाही, कपाटावरचं एकेक सामान पंजानं कडेला आणते आणि माझ्याकडं बघते. चष्म्याची डबी पडते. फणी पडते. मोबाईलला हात लागला की मी उठते, हे तिला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. तरी ती सुरुवात डबीपासूनच करते. यातही तिची एक रीत आहे, एकदम शेवटचं हत्यार काढायचं नाही.

उठून वाटीत खाणं घातलं तरी ती खात नाही. वाटीजवळ कुणीतरी बसायला लागतं. नुसतं बसायचं, बोलायचंसुद्धा नाही. मी चहाचं आधण ठेवायला वळले की तीही वाटी सोडून मागं येते आणि पायात घोटाळते. परत जाऊन बसले की परत खाते. चुलीजवळ पाट टाकून वाढणारी आजी मी पाहिलेली आहे. पण वाढणाऱ्याला सोबतीला शेजारी बसवून ठेवणारं जेवणारं हे पहिलंच. पंगतीत एकटं जेवू नये म्हणतात, ते हिच्या कानावर कुणी घातलं कुणास ठाऊक.

दाराचं वेगळंच. दार उघडा म्हणून गहजब. उघडलं की उंबऱ्यावर बसणार, निम्मी आत, निम्मी बाहेर, आणि गल्लीचा वास घेत राहणार. पावसाळ्यात वारा आत, डास आत, आणि बाईसाहेबांचा निर्णय होत नाही. पतसंस्थेत पोहोचायची माझी वेळ दहाची. रोज मी निघताना ती एकदा तरी मला आडवी जाते. मांजर आडवं गेलं की पाच पावलं मागं यायचं असतं. मी तसं करत गेले असते तर अजून शुक्रवार पेठेतच असते.

दुधावरून आमच्यात सुरुवातीला भांडणं झाली. गंगावेस घरापासून पाच मिनिटांवर. तिथं दूध कट्ट्यावर म्हशी समोर पिळतात आणि माणसं उभ्या उभ्या फेसाळ पेला तोंडाला लावतात. त्या गावात मांजराला दूध द्यायचं नाही, हे आण्णांना कसं पटावं? त्यांनी आणलं, तिनं तळ चाटूनपुसून प्यायलं आणि पुढचे दोन दिवस मी फडकी धुतली. डॉक्टरांनी सांगितलं, पिल्लू दुधावरून सुटलं की दुधातली साखर पचवायची ताकद बहुतेक मांजरांत कमी होत जाते. आण्णा म्हणाले, मग पेढा देऊ, दत्ताचा प्रसाद आहे. पेढ्याला तिनं नाकसुद्धा नीट लावलं नाही. मांजराला गोड कळतच नाही. जिभेवर गोडी ओळखायला दोन जनुकं मिळून काम करतात, त्यांतलं एक मांजराच्या सगळ्या कुळात कधीच बिघडून बसलंय. २००५ साली हे संशोधकांनी दाखवून दिलं. वाघ-सिंहांचीही तीच गत. हे मी कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहून आण्णांना दाखवलं. आमचं लांबलचक बोलणं असंच चालतं, जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर, पेन्सिलीनं. त्यांनी वाचलं, मांजरीकडं फार वेळ बघितलं आणि म्हणाले, ‘अरारा. गोड कळत न्हाई? मग जगायचं कशावर?’

आण्णांना चहात दोन चमचे साखर लागते. हे मला आई गेल्यावर सव्वा महिन्यानं कळलं.

मी स्वतः बिनसाखरेचा पिते. आई गेली, मी त्यांच्याकडं राहायला आले, सकाळ-संध्याकाळ चहा केला, माझ्यासारखाच दिला. ते प्यायले. चाळीस दिवस प्यायले. एके दिवशी पाहुणे आले म्हणून मी साखर घातली तर आण्णांनी पेला नाकाशी नेला, माझ्याकडं बघितलं आणि पहिल्यांदाच दुसरा कप पुढं केला. ‘सांगितलं का नाही?’ म्हणून मी चिडले. काही बोलले नाहीत. त्यांनी कधी काही मागितलंच नव्हतं. जेवताना मीठ कमी असलं तर आईला त्यांच्या घास फिरवण्यावरून कळायचं. दाढ दुखत असली तर ते उजव्या बाजूनं चावायचे, तेवढ्यावरून आई दंतवैद्याकडं घेऊन जायची. सदऱ्याचं बटण तुटलं तर सदरा खुंटीला उलटा टांगलेला असायचा. हे सगळं आई वाचायची. मला ही लिपी येत नव्हती. पतसंस्थेत दिवसभर लोक माझ्याकडं काही ना काही मागत असतात, कर्ज, मुदतवाढ, नवं पासबुक. घरी एक माणूस होता जो मागतच नव्हता, आणि मी रोज कुठं ना कुठं चुकत होते.

आणि त्या घरात ही आली. हिला पाण्याच्या भांड्यातलं पाणी चालत नाही, आण्णांच्या तांब्यातलंच लागतं. आण्णा पेपर पसरून, भिंग घेऊन वाचायला बसले की ही पेपरावर बसते, आणि कुठंही नाही, भिंग जिथं आहे तिथंच. पहिल्यांदा ते शेजारची बातमी वाचायचे. मग ती तिकडं सरकायची. आता ते थांबतात. भिंगातून तिची पाठच बघत बसतात.

एक गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. ती आण्णांपुढं ओरडत नाही.

माझ्याकडं तिचे पाच-सहा तरी आवाज आहेत. भुकेचा, दाराचा, ‘कुठं होतीस’चा, खिडकीत कबुतर बसलं की जबडा थरथरवत करायचा एक किरकिराट. आण्णांकडं काही नाही. त्यांच्याकडं काम असलं तर ती जाते, पुढचा पंजा त्यांच्या पावलावर ठेवते आणि थांबते. लक्ष गेलं नाही तर जरा दाबते. तेवढ्यानंही भागलं नाही तर मांडीवर चढून पंजा गालाला लावते, नखं आत घेऊन. कधीतरी पिल्लूपणी तिनं ओरडून पाहिलं असणार, आणि या माणसावर ते चालत नाही हे तिच्या ध्यानात आलं असणार. आम्हाला सगळ्यांना इतकी वर्षं लागली; अजूनही ताई फोनवर त्यांच्याशी बोलायचा हट्ट धरते.

मोठी झालेली मांजरं एकमेकांशी फारसं म्यांव करत नाहीत म्हणतात. म्यांव हे पिल्लानं आईला घालायचं गाऱ्हाणं. माणसाजवळ राहणारी मांजरं ते मोठेपणीही सोडत नाहीत, आणि कुठल्या माणसावर कुठला सूर लागू पडतो हे घराघरात वेगळं ठरतं. म्हणजे माझ्या उशाशी जे साडेचारला चालतं ते ‘आई’ असं आहे. हे कळल्यावर राग थोडा कमी झाला. उठायचं तर उठावंच लागतं.

घुरघुर मात्र दोघांसाठी सारखी. आण्णांना ती ऐकू येत नाही, तळहाताला लागते. पहिल्यांदा त्यांनी हात ठेवला तेव्हा ते चमकले होते. मग हात तसाच ठेवून, मान तिरकी करून बसले. मला तो चेहरा ओळखीचा होता. लहानपणी डबा द्यायला गेले की टेस्टिंगच्या शेडमध्ये हाच चेहरा दिसायचा. ‘मिसिंग न्हाई,’ म्हणाले. ‘आयडलिंग चांगलं हाय.’

मी शोधून काढलं आणि कॅलेंडरवर लिहिलं: घुरघुरीचा पाया सेकंदाला साधारण २५ कंपनं, श्वास आत घेतानाही आणि सोडतानाही. आण्णांनी पेन्सिल घेतली. खाली लिहिलं, २५ गुणिले ६०. उत्तराखाली दोन रेघा ओढल्या. ‘पंधराशे आरपीएम,’ म्हणाले आणि मला वाटतं आई गेल्यानंतर पहिल्यांदाच मोठ्यानं हसले. पंधराशे आरपीएमची कितीतरी इंजिनं त्यांच्या हाताखालून गेली होती. ‘आपलंच मॉडेल हाय की गं हे.’

त्याच सुमारास वाचलेलं आणखी एक. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २००९ साली मांजरांच्या दोन घुरघुरी वेगळ्या करून पाहिल्या: एक नुसती सुखानं केलेली, दुसरी खाणं मागताना केलेली. दुसरीत खालच्या घरघरीच्या पोटात एक उंच, रडका सूर दडलेला निघाला, तान्ह्या मुलाच्या रडण्याच्या पट्टीजवळ जाणारा. ज्यांनी कधी मांजर पाळलं नाही त्यांनाही ती ऐकून अस्वस्थ व्हायला झालं. म्हणजे लाडात येऊन मांडीवर बसली आहे असं मला वाटतं तेव्हा ती मागतही असते, आणि मागत असते तेव्हा लाडातही असते. एकाच घशातून, एकाच वेळी. माझं इतकी वर्षं असं मत होतं की प्रेम करणारा माणूस मागत नाही. आण्णांवरूनच ते झालं असावं. हेही मी कॅलेंडरवर लिहायला घेतलं होतं, पण ऑगस्टचं पान संपलं, आणि तसंही ते लिहून दाखवण्यासारखं नव्हतं.

२०२४ च्या जुलैत परत पाणी चढायला लागलं. कोल्हापुरात त्या दिवसांत कुणी कुणाला ‘कसं काय’ विचारत नाही. ‘किती फूट?’ विचारतात, आणि ‘राधानगरीचे किती दरवाजे?’ धरण भरलं की ते स्वयंचलित दरवाजे आपोआप उचलले जातात. सातांपैकी किती उघडले यावर पेठेतली माणसं सामान वर न्यायचं की गाव सोडायचं ते ठरवतात. ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. ४३ ओलांडल्यावर आम्ही निघालो. राजारामपुरी उंचावर, ताई तिथं असते.

मांजर न्यायची पिशवी-पेटी असलं काही आमच्याकडं नव्हतं. आण्णांनी भाजीची दोन प्लास्टिक क्रेट एकावर एक उपडी घातली आणि इंजिन खोक्यात भरताना आवळतात तशी सुतळीनं आवळली. रिक्षात ते क्रेट मांडीवर घेऊन बसले. वायसर इतकी ओरडत होती की रिक्षावाल्यानं दोनदा वळून बघितलं. ‘मामा, पोरगं हाय का काय आत?’ आण्णांना ऐकू आलं नाही. त्यांनी क्रेटच्या फटीतून दोन बोटं आत घातली होती आणि ती बोटं रक्ताळली तरी काढली नाहीत. मांजरी पिल्लांना सात घरं दाखवते म्हणतात. आम्ही मांजरीला दुसरंच दाखवत होतो आणि तिला ते पसंत नव्हतं.

ताईचं सासर माळकरी. आषाढी होऊन चातुर्मास लागलेला. घरात कांदा-लसूणसुद्धा बंद. ताईच्या सासूबाई, म्हणजे मावशी, प्रेमळ आहेत पण सोवळ्या-ओवळ्याला कडक. मांजर घरात घेतलं हीच मोठी गोष्ट. वायसर क्रेटमधून सुटली ती दिवाणाखाली भिंतीच्या कोपऱ्यात जाऊन बसली. पहिल्या दिवशी काही खाल्लं नाही. दुसऱ्या दिवशी नाही. मी बरोबर घेतलेला कोरडा खाऊ तसाच. दही-भात ठेवला, तो वाळला. माझी पहाट पहिल्यांदाच शांत गेली आणि मी साडेचारला टक्क जागी, कपाटावरून काहीतरी पडायची वाट बघत.

भावजी म्हणाले, अंग गरम लागतंय, पॅरासिटामॉलचा चतकोर कुटून घालू. मी जवळजवळ ओरडलेच. मांजराच्या शरीराला ते औषध पचवता येत नाही, थोडंसंही जिवावर बेततं. आणि मांजराचं अंग आपल्यापेक्षा गरम असतंच. डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, घाबरलीय, पण फार उपाशी ठेवू नका. मांजर दोन-तीन दिवस जेवलं नाही तर अंगातली चरबी यकृतावर जाऊन बसते आणि मग सावरणं अवघड होतं. काहीही करून पोटात घाला, वासाचं काहीतरी द्या.

मी कॅलेंडर शोधलं. ताईच्या घरचं चालू महिन्याचं होतं, मागं लिहिता येईना. वाण्याच्या बिलाच्या पाठीवर लिहून दाखवलं. आण्णांनी वाचलं, चष्मा काढला, परत घातला. दिवाणाखाली हात घातला, बराच वेळ. हात बाहेर आला. ‘बंद हाय,’ म्हणाले.

मग उठून ते माजघरात गेले. मावशी वाती वळत बसल्या होत्या. ताई, भावजी, मी, सगळे मागोमाग. आण्णा उभे राहिले, टोपी काढून हातात घेतली आणि बहिऱ्या माणसाचा आवाज जेवढा मोठा असतो तेवढ्या आवाजात म्हणाले, ‘विहीणबाई, एक मागणं हाय.’

ताईनं माझा हात धरला. आण्णांच्या तोंडून मागणं हा शब्द आम्ही दोघींनी कधी ऐकला नव्हता. ताईच्या लग्नाच्या बोलणीतसुद्धा. मावशींनी वाती खाली ठेवल्या.

‘जरा सुकट भाजायची हाय.’

मी आजवर बऱ्याच शांतता ऐकल्या आहेत, तसली नाही. बाहेर पाऊस पडत होता तोही थांबल्यासारखा वाटला. देव्हाऱ्यात विठ्ठल कमरेवर हात ठेवून उभे.

‘कुणाला?’ मावशींनी विचारलं. आण्णांना ऐकू आलं नाही, पण ओठांवरून कळलं असावं. ‘वायसरला,’ म्हणाले. आणि मग जे कुणी सांगितलं नव्हतं तेही पुढं म्हणाले, ‘तिच्याबिगर मला करमत न्हाई.’

मावशींनी वात उचलली, वळली, ताटात ठेवली. ‘गच्चीवर भाजा,’ म्हणाल्या. ‘माझा तवा घेऊ नका. आणि वाऱ्याचं तोंड बघा.’

पावसात जाऊन सुकट मी आणली. गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी पत्रा होता, त्याखाली आण्णांनी दोन विटा मांडल्या, रॉकेलच्या जुन्या डब्याचं झाकण तापवलं आणि सुकट भाजली. वाऱ्याचं तोंड त्यांनी नीट बघितलं होतं. वाऱ्यानं मात्र फिरायचं ठरवलं. पाच मिनिटांत शेजारच्या गच्च्यांवरून राजारामपुरीतली सगळी मांजरं कठड्यावर येऊन बसली, भिजलेली, एका ओळीत, वरातीला थांबल्यासारखी. आण्णांनी त्यांनाही वाटली. मागायचं एकदा सुरू केल्यावर द्यायलाही कमी नको, असं काहीसं असेल. किंवा सुकट मी जरा जास्तच आणली असेल.

वायसरनं दिवाणाखालून आधी नाक काढलं. मग मिशा. आण्णा जमिनीवर बसले, गुडघा दुखत असताना, पाठ भिंतीला लावून. हातावर सुकट. ती आली, हुंगली आणि थांबली. आण्णांच्या लक्षात आलं. त्यांनी स्वतः एक सुकट उचलून तोंडात टाकली. चातुर्मासात, माळकऱ्याच्या घरात, विहिणीच्या देखत. मग ती खायला लागली.

त्या दिवसानंतर मावशी रोज सकाळी पूजा झाल्यावर दारातून विचारायच्या, ‘व्हाइसरॉय जेवली का?’ त्यांना तेच नाव ऐकू आलं होतं, आणि कुणी सुधारलं नाही.

पाणी या खेपेला आमच्या घरात शिरलं नाही. पायरीपर्यंत आलं आणि परतलं. घरी आल्यावर वायसरनं सगळ्या खोल्यांचे कोपरे हुंगून तपासणी केली, आण्णांच्या तांब्यातलं पाणी प्यायली आणि कपाटावर चढून माझी चष्म्याची डबी खाली टाकली. पहाटेची नव्हे, दुपारची वेळ होती.

परवाची गोष्ट. थंडी पडलीय. मी पहाटे पांघरूण डोक्यावरून घेतलेलं. साडेचार होऊन गेले तरी उशाशी कुणी आलं नाही, आणि मला परत ती राजारामपुरीतली शांतता आठवून धस्स झालं. उठून बसले. पलीकडच्या खोलीत उजेड होता. आण्णा गादीवर बसलेले, वायसर मांडीवर, हात तिच्या पाठीवर. मान तिरकी. ती तोंडानं काहीच म्हणत नव्हती, नुसती घुरघुरत होती.

‘तुला बोलवालीय,’ आण्णा म्हणाले.

मी हातानं विचारलं, कसं कळलं?

‘लोड आलाय. मघाशी साधी चालली हुती.’ हात जरा दाबून परत बघितलं. ‘भूक लागलीया तिला.’

मी स्वयंपाकघराकडं वळले तर मागून पुन्हा हाक, गल्लीला ऐकू जाईल एवढ्यानं. ‘आणि च्या टाकालीस तर मलाबी टाक. साखर दोन चमचे.’